वीस माणसं, एक गाडी, एक दिवस: मोठ्या कुटुंबाने जेजुरी-मोरगाव कसं करावं

कुलदैवताला जायचं ठरतं तेव्हा घरात उत्साह असतो, आणि परत येताना निम्मं घर रुसलेलं असतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. चौघांच्या सहलीचा बेत वीस जणांना लावलेला असतो. चार माणसं पाच मिनिटांत चहा पिऊन गाडीत बसतात. वीस माणसांना त्याच चहाला पाऊण तास लागतो, आणि त्यात कुणाची चूक नसते. म्हणून वेळ, जेवण, चढण, पैसे या सगळ्याचा हिशेब घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसापासून सुरू करायला हवा.

इथे पुण्याहून निघून जेजुरीचा खंडोबा आणि मोरगावचा मयूरेश्वर एका दिवसात करून परत येण्याचा क्रम दिला आहे. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत अठरा-वीस जण धरले आहेत. तुमचं कुलदैवत तुळजापूरला असो की कोल्हापूरला, अंतरं बदलतील, क्रम हाच ठेवा.

१. तारीख: आधी काय टाळायचं ते बघा

रविवार हा खंडोबाचा वार आणि सुट्टीचाही वार, त्यामुळे त्या दिवशी गडावर गर्दी असतेच. सोमवती अमावस्या, चंपाषष्ठी, चैत्री, पौष आणि माघी पौर्णिमा हे यात्रेचे दिवस. आजी आणि लहान मुलं बरोबर असतील तर हे दिवस सरळ सोडा. मोरगावला संकष्टीला, त्यातही अंगारकीला, रांग लांबते. आषाढवारीत माउलींची पालखी दिवे घाटातून सासवड-जेजुरीमार्गे जाते. त्या दिवसांत घाट वाहनांना बंद असतो.

शनिवार किंवा मधला एखादा वार उत्तम. मुलांच्या परीक्षा आणि चाकरमान्यांची रजा बघून दोन तारखा काढा आणि त्या आधी घरातल्या बायकांना विचारा. बहुतेक घरांत पुरुष तारीख ठरवून मोकळे होतात आणि मग अडचण सांगताना सुनेला सगळ्यांसमोर संकोच होतो. ही विचारणा सासूने किंवा थोरल्या जावेने एकेकीजवळ बसून केली तर पुढचा गोंधळ टळतो.

तपासा: तारीख पक्की झाली की ज्यांची औषधं रोज चालू आहेत त्यांची दोन दिवसांची जास्तीची औषधं आहेत का, हे त्याच दिवशी बघा.

२. गाडी: सीट मोजताना मांडी मोजू नका

'मुलं मांडीवर बसतील' या हिशेबाने सतरा सीटच्या ट्रॅव्हलरमध्ये एकवीस जण बसवले जातात. पहिल्या तासाला चालतं. परतीला मूल झोपलेलं, पाय बधिर, आणि आईला हलता येत नाही. तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र सीट धरा. शिवाय एक सीट सामानाची धरा, कारण पूर्ण सीटच्या ट्रॅव्हलरला डिकी नावापुरती असते.

गाडी ठरवताना मालकाला विचारायच्या गोष्टी:

- रोजचे किमान किलोमीटर किती धरता? पुणे-जेजुरी सुमारे ५० किलोमीटर, जेजुरी-मोरगाव सुमारे १७, मोरगाव-पुणे ६५ च्या आसपास. म्हणजे प्रत्यक्ष धाव १४० च्या आत. पण बरेच जण दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटर किमान धरून पैसे घेतात. तुमची धाव कमी आहे, हे सांगून एकरकमी दर मागा.
- किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्यांच्या गॅरेजपासून?
- ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग दरात आहे की वेगळं?
- नंबर प्लेट पिवळी आहे का? पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणं मुश्कील होतं.

उत्तरं फोनवर घेतली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

ट्रॅव्हलरची पायरी उंच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून आठ-दहा वेळा ती चढउतार करावी लागते. घरातलं एक बुटकं, पक्कं स्टूल गाडीत टाका. दिवसभरात सर्वांत जास्त उपयोगी पडणारी वस्तू तीच.

सावध: किमान किलोमीटर शिल्लक राहतात म्हटल्यावर कुणीतरी म्हणतंच, 'मग जाता जाता नारायणपूर करू, केतकावळ्याचा बालाजीही करू.' नको. किलोमीटर उरतात म्हणून माणसांची ताकद उरत नाही. वीस जणांत दिवसाला दोन ठिकाणं पुरे.

३. कामं वाटा, आणि नाव घेऊन वाटा

'कुणीतरी बघेल' असं ठरलेलं काम कुणीच बघत नाही. चार माणसं नेमा. एक खजिनदार. एक खाण्यापिण्याची. एक औषधांची. एक जण गाडी आणि ड्रायव्हरशी बोलणारा. ड्रायव्हरला पाच जणांनी पाच सूचना दिल्या की तो वैतागतो आणि मग कुणाचंच ऐकत नाही.

डोकी मोजण्यापेक्षा जोड्या लावा. वीस डोकी मोजताना कुणी ना कुणी हलतं, कुणी दोनदा मोजलं जातं. त्याऐवजी प्रत्येक मोठ्या माणसाला दोन नावं द्या: 'तुझ्याकडे आत्या आणि चिकू.' गाडी सुटण्याआधी आकडा विचारायचा नाही, प्रत्येकाने 'माझे दोन्ही आहेत' असं म्हणायचं. आईला स्वतःचंच मूल देऊ नका, तिच्याकडे बाळ आणि पिशवी आधीच असते. मोठं मूल काकाकडे द्या.

मुलांचं एवढं करा: सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत प्रत्येकाचा मोबाइलवर एक फोटो काढा. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिहा. मूल हरवलंच तर 'निळा शर्ट होता बहुतेक' यापेक्षा फोटो कामाचा. मदतीसाठी ११२, आणि मुलांसाठी १०९८.

पैशांचं आधीच बोला. दर सीटला ठरावीक रक्कम, बारा वर्षांखाली निम्मी, आजी-आजोबांची नाही, ही पद्धत बहुतेकांना पटते. रक्कम दोन दिवस आधी खजिनदाराकडे जमा व्हावी. वाटेत प्रत्येक बिलाला 'मी देतो, मी देतो' झालं की शेवटी जो भिडस्त तोच खर्चात पडतो. दहा-वीसच्या नोटा आणि सुट्टी नाणी बरोबर ठेवा. दक्षिणा, स्वच्छतागृह, पार्किंग यांना ती लागतात.

४. आदल्या दिवशीची तयारी

खाणं. गाडीत आणि दुपारी खायला दशम्या, धपाटे, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणचं. दुधात भिजवलेली दशमी पोळीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते. माणशी चार धरा, मुलांना दोन, आणि वर दहा जास्त. ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, रस्साभाजी नको. उन्हात बंद गाडीत ओला पदार्थ दोन-तीन तासांतच बिघडायला लागतो आणि वास येण्याआधीच पोट बिघडवतो.

नेहमी होणारी चूक: गरम दशम्या डब्यात घालून झाकण लावणं. वाफ झाकणाला धरते, पाणी खाली पडतं आणि तळच्या चार दशम्या चिकट होतात. फडक्यावर एकेक पसरून पूर्ण गार करा, मग सुती कापडात गुंडाळून डब्यात. बटाट्याची भाजीही परातीत पसरून गार करा. हे काम रात्री होत नसेल तर पहाटे कणीक मळायला दोघी आणि लाटून भाजायला दोघी हव्यात. एकट्या सुनेवर टाकलं तर ती न झोपता निघेल.

पूजेचं. विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, तांब्याचं ताम्हण, हळद-कुंकू, नारळ. देवघरातले टाक (देवांच्या धातूच्या पत्र्यावरच्या प्रतिमा) देवभेटीला नेणार असाल तर लाल फडक्यात बांधून एकाच माणसाकडे द्या. निघताना मोजा, गडावर फडकं सोडताना मोजा, परत बांधताना मोजा. गर्दीत टाक ताम्हणात किंवा फुलांत राहून जातो आणि मग वर्षभर घरात हळहळ राहते.

औषधं. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. दिवे घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना ही गोळी देत नाहीत, मोठ्या मुलांचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. गाडी लागणारे पुढे बसवा. मधुमेह असलेल्यांचं इन्सुलिन डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका, गार पिशवीत घालून आत ठेवा.

सावध: जेवणाआधीची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घड्याळ बघून द्यायचं नाही, ताट समोर आल्यावर द्यायचं. प्रवासात जेवण तासभर सहज लांबतं आणि साखर खाली येते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

कपडे. पांढरं काही घालू नका, भंडारा (हळदीची पूड) उधळला जातोच. गडावर अनवाणी चालायचं असतं आणि दुपारी फरशी तापते, म्हणून मुलांसाठी आणि वयस्करांसाठी जाड मोज्यांचा एक जोड घ्या. नऊवारी नेसायची हौस असेल तर ती नेसून पायऱ्या चढायची सवय आहे का, हेही बघा.

५. सकाळ: आंघोळीचा हिशेब

बेत इथे फसतो. अठरा माणसं, दोन न्हाणीघरं, दहा मिनिटं माणशी. म्हणजे दीड तास, तोही गीझरचं पाणी तापायची वाट न बघता. सहाला निघायचं तर पहिली आंघोळ सव्वाचारला व्हायला हवी. तेवढं होणार नसेल तर मुलांच्या आंघोळी आदल्या रात्री उरका, सकाळी हातपाय-तोंड.

क्रम उलटा ठेवा: ज्यांना तयार व्हायला वेळ लागतो त्या साडी नेसणाऱ्या बायका आधी, पुरुष शेवटी. आपल्याकडे नेमकं याच्या विरुद्ध होतं. पुरुष आधी आवरून दारात उभे राहतात आणि 'आटपा आटपा' करतात.

वेळ खोटी सांगू नका. सहाला निघायचं म्हणून साडेपाच सांगितलं की पुढच्या वेळी सगळे ती अर्ध्या तासाची सूट स्वतःच धरतात. दोन वेळा सांगा: पावणेसहाला गाडी दारात, सहाला सुटणार.

गाडीत सामान भरताना दुपारच्या जेवणाचे डबे सर्वांत आत. पाणी, बाळाची पिशवी, औषधं, स्टूल आणि उलटीच्या पिशव्या हाताशी.

तपासा: गॅस, गीझर, नळ, देवापुढचा दिवा. चारही एकाच माणसाने बघायचे आणि चावी कुणाकडे ते मोठ्याने सांगायचं.

६. सासवडपर्यंत

हडपसरवरून दिवे घाटाने सासवड. थांबायचं एकदाच, सासवडला. स्वच्छतागृह बरं असलेलं हॉटेल आधीच ठरवा. बायकांना आणि वयस्करांना नंतर बराच वेळ सोय मिळत नाही, म्हणून गरज नसली तरी सगळ्यांनी उतरायचं.

इथे मिसळ-डोसा-उत्तप्पा अशी वीस जणांची वेगवेगळी ऑर्डर देऊ नका. स्वयंपाकघरातून एकेक ताट येत राहतं, शेवटच्याचं येईपर्यंत पहिल्याला परत भूक लागते. चहा, दूध आणि एकच पदार्थ, पोहे किंवा इडली. पोट गच्च भरून गड चढू नये, हेही कारण आहेच. थांबा वीस मिनिटांचा म्हटलं तर तीस होतो, तेवढा धरून चाला.

७. जेजुरी गड: चढण आधी, जेवण नंतर

साडेआठच्या आत पायथ्याशी पोचलात तर सगळं सोपं जातं. गाडी जिथे उभी राहील त्या जागेचा, आसपासच्या पाटीसकट, फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. चपला सगळ्यांच्या एकाच दुकानात ठेवा. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण तेच दुकान. 'देवळाजवळ भेटू' याला गडावर काही अर्थ नाही.

पायऱ्या दोनशेच्या वर आहेत आणि गाडी वर जात नाही. हळू चालणाऱ्यांनी पुढे व्हायचं, तरण्यांनी मागून यायचं. उलट केलं की पुढचे दिसेनासे होतात, मागचे घाईने धापा टाकतात. वाटेत दीपमाळा आणि कमानी आहेत, प्रत्येकीपाशी दोन मिनिटं थांबा. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, अंधारी असं काही वाटलं तर तिथेच बसायचं आणि वर जायचा हट्ट सोडायचा.

ज्यांना चढवत नाही त्यांनी पायरीचं दर्शन घ्यावं. पहिल्या पायरीवर भंडारा वाहून हात जोडले तरी देवाला पोचतं, असं आपल्याकडे मानतात. त्यांच्याबरोबर एक धडधाकट माणूस खाली थांबवा. 'आजी बसल्याच आहेत, बाळं त्यांच्याकडे ठेवू' असं मात्र करू नका. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईने पळत्या मुलामागे धावायचं, तेही गर्दीच्या बाजारात, हे धोक्याचंही आहे आणि तिच्यावर अन्यायाचंही. वरचे लोक उतरले की खाली थांबलेल्याला दर्शनाला पाठवा. तेवढा वेळ बेतात आधीच धरा.

नवं जोडपं असेल तर नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायची रीत आहे. ती पायथ्याच्या मोकळ्या पायऱ्यांवर, कडेला करा. वरच्या पायऱ्यांवर भंडारा सांडलेला असतो आणि पाय सरकतो. व्हिडिओ काढणाऱ्याने मागे बघितल्याशिवाय पाऊल मागे टाकू नये.

दर्शनाच्या रांगेत आपापल्या जोड्यांनी उभं राहा. दर्शन झालं की तळी, म्हणजे भरलेलं ताम्हण सगळ्यांनी मिळून देवाच्या नावाने उचलायचं. मंदिरासमोर मोठं पितळी कासव आहे, तिथे तळी भरायला गर्दी असते. ताम्हणात पानं, सुपाऱ्या, खोबरं, भंडारा रांगेत उभे असतानाच मांडून तयार ठेवा, जागा मिळाल्यावर पिशव्या उघडू नका. तळी विषम संख्येने उचलतात, पाच किंवा सात. कोण उचलणार ते घरी ठरलेलं असावं. 'सदानंदाचा येळकोट' म्हणत उचलायची वेळ आली आणि काका-पुतण्यांत 'तू ये, तू ये' सुरू झालं की मागचे खोळंबतात. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी असते. ती घरातल्या म्हाताऱ्यांकडून आधी विचारून लिहून घ्या, पुढच्या पिढीलाही उपयोगी पडेल.

सावध: पेटत्या दिवटीजवळ किंवा निरांजनाजवळ भंडारा उधळू नका. बारीक पूड हवेत उडाली की भडका उडू शकतो. मुलांच्या डोळ्यांत गेला तर चोळू न देता भरपूर पाण्याने धुवा. त्यासाठी पाण्याची एक बाटली वर न्यायचीच.

गडावरून अकरापर्यंत उतरा.

८. जेवण आणि मोरगाव

उतरल्यावर लगेच जेवा, मोरगावला पोचून नाही. तोवर भूक चिडचिडीवर येते. सावलीची जागा बघून सतरंजी पसरा. ज्यांनी पहाटे स्वयंपाक केला त्यांनी इथे वाढायचं नाही. त्यांना पहिल्या पंगतीत बसवा आणि दीर, भाचे, मुलगे यांनी वाढावं. हे निघण्याआधीच सांगून ठेवा, नाहीतर सवयीने त्याच बायका पदर खोचून उभ्या राहतात. पत्रावळी आणि उष्टं भरायला दोन मोठ्या पिशव्या घ्या आणि कचरा बरोबर न्या.

मोरगाव अर्ध्या तासावर. अष्टविनायकांतला हा पहिला गणपती, आणि देऊळ गावातच आहे, गडासारखी चढण नाही. म्हणूनच तो नंतर ठेवायचा. ज्यांनी जेजुरीला पायरीचंच दर्शन घेतलं त्यांना इथे गाभाऱ्यापर्यंत जाता येतं, तेव्हा रांगेत त्यांना पुढे ठेवा. मुलं या वेळेला झोपेला आलेली असतात. झोपलेल्या मुलाला दर्शनासाठी उठवू नका. दोघं गाडीत थांबा, काचा उघड्या ठेवून, आणि आळीपाळीने जा. बंद गाडीत मूल एकटं पाच मिनिटंही ठेवायचं नाही.

९. परत

मोरगाव साडेतीनपर्यंत सोडा. परतीचे दोन रस्ते: आलो तसं सासवड-दिवे घाट, किंवा सुपे-चौफुला करून सोलापूर रस्त्याने हडपसर. ज्यांना घाटात गाडी लागते ते बरोबर असतील तर दुसरा बरा. ट्रॅफिक बघून ड्रायव्हरला ठरवू द्या. सासवडवरून येणार असाल आणि हंगाम असेल तर सीताफळं, अंजीर वाटेत मिळतात. फळांसाठी थांबायचं तर दोघांनीच उतरायचं.

रात्रीच्या खिचडीचे डाळ-तांदूळ सकाळीच मोजून कोरडे डब्यात ठेवा. आल्यावर धुऊन कुकर लावला की झालं. सकाळपासून भिजत घालू नका, आंबतात.

भंडाऱ्याचे कपडे आधी कोरडेच झटका, मग साध्या पाण्यात बुचकळा. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो. घाबरू नका, खळबळून कडक उन्हात वाळवा, पिवळेपणा उन्हाने उतरत जातो. नवे, रंग जाणारे कपडे वेगळे.

टाक मोजून देवघरात ठेवा. खजिनदाराने हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाकावा, दुसऱ्या दिवशी बिलं सापडत नाहीत. उरलेले पैसे परत किंवा पुढच्या वेळेला, हे सर्वांना विचारून ठरवा. आणि डब्यांच्या बुडाला निघण्याआधीच नेलपॉलिशने घराघराची खूण केलेली असेल, तर कुणाचं झाकण कुणाच्या डब्यावर गेलं हे शोधत धाकट्या जावेला आठवडाभर फोन करावे लागणार नाहीत.